अकरा वाजता, पन्नास फूट

मी मासे पकडते आणि सोडून देते. अलिबागला माहेरी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ताटातलं कालवण संपेपर्यंत काकांनी उत्तरच दिलं नाही. मग हात धुता धुता म्हणाले, "मग जातेस कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. पण बहामाच्या अँड्रॉस बेटावर बोनफिशच्या मागे फिरून आल्यापासून सांगण्यासारखं पुष्कळ साठलंय, ते लिहून काढते.

आम्ही अटलांटात राहतो. जवळून चॅटाहूची नदी वाहते. ब्युफर्ड धरणाच्या तळातून सोडलेलं तिचं पाणी इतकं गार असतं की जॉर्जियाच्या भर उन्हाळ्यातही त्यात ट्राउट तग धरतो. फ्लाय फिशिंग मी तिथे शिकले. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: आपल्याकडे गरवताना दोरीला शिसं बांधतात आणि ते शिसं दोरीला ओढत नेतं. इथे उलटं असतं. पिसं, केस आणि दोरा गळावर गुंडाळून केलेल्या आमिषाला, म्हणजे फ्लायला, वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं ते जाडसर दोरीला. ती दोरी हवेत मागे-पुढे झुलवून सोडायची, फ्लाय तिच्यामागून जाते. नदीत पंचवीस-तीस फुटांवर टाकलं की भागतं. काठावर झाडं असतात म्हणून वाराही लागत नाही, आणि मासा पुन:पुन्हा संधी देतो.

बोनफिश देत नाही. हा उथळ समुद्रातला चंदेरी मासा. बहुतेक दोन ते पाच पौंडांचे असतात. दहा पौंडांच्या वरचा दिसला तर लोक वर्षानुवर्षं त्याची गोष्ट सांगतात. भरती चढू लागली की तो खोल पाण्यातून वर येतो आणि गुडघाभर, कधी घोटाभर पाण्यात चिंबोऱ्या, कोळंबी, किडे शोधत फिरतो. तिथे आडोसा नसल्यामुळे कमालीचा बुजरा असतो. होडीत झाकण आपटलं, दोरीची सावली डोक्यावरून गेली, तरी गायब. आणि गळ लागला तर एका दमात शंभर यार्ड पळून जातो. त्या धावेसाठी माणसं वेडी होतात.

अँड्रॉस हे या वेडाचं माहेरघर. बहामातलं हे सगळ्यात मोठं बेट, गोव्याच्या दीडपटीहून मोठं, पण वस्ती जेमतेम सात-आठ हजारांची आणि तीही जवळजवळ सगळी पूर्व किनाऱ्याला. मधल्या भागात पाइनचं रान आणि तळी. पश्चिमेला मैलोन् मैल खारफुटी, खाड्या आणि पांढऱ्या चिखलाचं उथळ पाणी. या पश्चिम बाजूला २००२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१२ मध्ये ते वाढवून सुमारे पंधरा लाख एकरांचं केलं. बहामाच्या दहा सेंटच्या नाण्यावर दोन बोनफिश आहेत. सरकारने मासा नाण्यावर उगाच घातलेला नाही: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या उथळ पाण्यातल्या मासेमारीची देशातली वार्षिक उलाढाल चौदा कोटी डॉलरच्या वर धरली होती. या पैशातला बराचसा, जिथे दुसरा धंदा नाही अशा बेटांवर जातो.

आम्ही उतरलो ते लॉज दक्षिण अँड्रॉसला. चार-पाच खोल्या, एक लांब व्हरांडा, समोर वाळू आणि नांगरलेल्या दोन होड्या. सगळा कारभार एका कुटुंबाचा. सासऱ्यांनी गाइड म्हणून सुरुवात केली, मग पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. आता ते नाहीत. स्वयंपाकघर, बुकिंग आणि हिशेब सून सांभाळते. तिची साठी उलटलेली आहे. तिला मी इथे नुसतं बाई म्हणते. दोन मुलगे गाइड आहेत, थोरल्याची बायको शाळेत शिकवते आणि विमानावर पाहुण्यांना आणायलाही तीच येते. फोन केला तर बाईच उचलतात. तुम्हाला वाऱ्यात टाकता येतं का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. पथ्यपाणी काय, हा दुसरा. पैशांचं त्या शेवटी बोलल्या. स्वस्त काही नाही, हे आधीच सांगते. गाइड, होडी, जेवण धरून आमच्या दोघांचं जे बिल झालं त्यात एक भारतवारी आरामात झाली असती. न गरवणाऱ्या नवऱ्याला सवलत मिळाली, त्याचा त्याला अजून अभिमान आहे.

बाईंच्या पहिल्या प्रश्नामुळे तयारीला दिशा मिळाली. ट्राउटसाठी माझ्याकडे पाच नंबरची नाजूक काठी होती. बोनफिशला नऊ फुटी आठ नंबरची लागते. रीलला, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चकरीला, चांगला ब्रेक हवा, आणि मुख्य दोरीच्या मागे निदान दोनशे यार्ड बारीक पण चिवट दोरा, ज्याला बॅकिंग म्हणतात. दोरीसुद्धा उष्ण हवेसाठी बनवलेली घ्यावी लागते, कारण गार पाण्यासाठीची उन्हात लिबलिबीत होऊन काठीच्या कड्यांत चिकटते. हे सगळं पैसे टाकून मिळालं. मिळालं नाही ते एवढंच, की पूर्वेचे व्यापारी वारे समोरून येत असताना पन्नास फुटांवर दोरी सरळ कशी पाडायची. त्यासाठी डाव्या हाताने दोरीला दोनदा झटका द्यायचा असतो, एकदा मागे नेताना, एकदा पुढे सोडताना. दोन्ही हातांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं काम करायचं. हिवाळाभर घराजवळच्या मैदानावर, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून, हेच करत होते.

फ्लायची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यातल्या दोन इथल्याच. क्रेझी चार्ली ही जगभर बोनफिशसाठी वापरली जाणारी फ्लाय १९७७ मध्ये अँड्रॉसवर पहिल्यांदा बांधली गेली आणि चार्ली स्मिथ या इथल्या नामांकित गाइडच्या नावाने ओळखली गेली. मण्यांच्या साखळीचे डोळे, चकचकीत अंग, आणि गळ वरच्या बाजूला उलटा फिरतो म्हणजे वाळूत रुतत नाही. दुसरी गॉचा. तिचे पहिले केस अँड्रॉसवरच्या एका टॅक्सीच्या गालिच्यातून उपटले होते, असं सांगतात. मी दोन्ही नेल्या होत्या. थोरल्याने माझी डबी उघडली, बोटाने चाळली, तीन उचलल्या आणि बाकीच्यांकडे पाहून म्हणाला, "या नदीत वापरा."

राजधानी नॅसॉहून दक्षिण अँड्रॉसच्या कॉन्गो टाउनला जाणारं विमान छोटं असतं आणि प्रवास वीसेक मिनिटांचा. पण ती वीस मिनिटं खिडकी सोडू नका. नॅसॉचा हिरवट उथळ समुद्र अचानक संपतो आणि खाली गडद निळा खड्डा उघडतो. याला टंग ऑफ द ओशन म्हणतात. खोली हजार मीटरपेक्षा कितीतरी जास्त. अमेरिकेचं नौदल इथे पाणबुड्यांच्या चाचण्या घेतं. मग तितक्याच अचानक प्रवाळाची पांढरी रेघ येते आणि पुन्हा उथळ पाणी सुरू होतं. नवरा म्हणाला, "एवढ्या समुद्रात तू गुडघाभर पाण्यासाठी चालली आहेस."

पहिल्या सकाळी सातला होडीत बसलो. होडी सोळा-सतरा फुटी, सपाट तळाची, वीतभर पाण्यात तरंगेल अशी. मोटारीवर अर्धा तास खाडीतून आत गेल्यावर थोरल्याने मोटार बंद करून वर उचलली, मागच्या उंच चौथऱ्यावर चढला आणि लांब काठी हातात घेतली. इथून पुढे दिवसभर होडी त्या काठीवरच चालते. मी पुढच्या टोकाला अनवाणी उभी. अनवाणी यासाठी, की दोरी पायाखाली आली तर कळावं. साठेक फूट दोरी काढून पायाशी मोकळी टाकलेली, फ्लाय डाव्या हाताच्या चिमटीत. आणि मग नुसतं बघायचं.

खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकारात टाकणं हा लहान भाग आहे. मोठा भाग बघण्याचा, आणि तो मला येत नव्हता. पाण्यावरची चकाकी कापणाऱ्या ध्रुवित काचांचा तांबूस चष्मा घातला होता, ऊन पाठीमागून होतं, पाणी काचेसारखं स्वच्छ, आणि तरीही मला दिसत होती ती फक्त वाळू. "अकरा वाजता, पन्नास फूट," मागून आवाज यायचा. होडीचं टोक म्हणजे बारा, त्यावरून घड्याळ लावायचं. "दोन आहेत. डावीकडे चाललेत. दिसले?" मी काठी अकराच्या दिशेला रोखायची. "अजून डावीकडे. तिथेच. चाळीस फूट. तीस. आता टाकू नका, त्यांनी आपल्याला पाहिलं." आणि खरंच, मला जिथे काहीच दिसत नव्हतं तिथून दोन करड्या रेघा पांढऱ्या चिखलाचा धूर सोडत निघून जायच्या. पळताना दिसणारा मासा कुणालाही दिसतो.

बोनफिशची कूस आरसा असते. तळाचा रंग तो स्वतःवर घेतो. वाळूवर वाळू, गवतावर गवत. म्हणून माशाला शोधायचं नसतं, त्याची सावली शोधायची, हे थोरल्याने पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. "पाण्याकडे बघू नका, पाण्यातून बघा. तळ बघा. तळावर जे हलतंय आणि लाटांच्या चालीने हलत नाहीये, ते." त्याला हे कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, आजोबांबरोबर समुद्रतळावरचे स्पंज काढायला जायचा तेव्हा काच लावलेल्या बादलीतून तळ बघायची सवय लागली. अँड्रॉस एके काळी स्पंजवर जगत होतं. १९३८च्या अखेरीस रोग पडला आणि थोड्याच काळात इथल्या पाण्यातले बहुतेक स्पंज मेले. पुढे काही परत आले, काही लोक अजून काढतात, पण तो काळ परतला नाही. स्पंज शोधणारे डोळे मात्र घरात राहिले, आणि परदेशी पाहुणे आता त्या डोळ्यांचेच पैसे देतात. मला तरी तसंच वाटलं. मासा गाइड पकडतो. मी फक्त दोरी फेकते.

हळूहळू काही खुणा कळायला लागल्या. वाऱ्याने उठलेल्या बारीक लाटांमध्ये एखादाच पट्टा वेगळ्या दिशेने थरथरला, की खाली थवा असतो. स्वच्छ पाण्यात मध्येच दुधाळ डाग दिसला, तर तिथे तोंड खुपसून चरणं चाललेलं असतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे शेपटी. पाणी फारच कमी असलं की डोकं खाली घालून खाताना त्याची शेपूट हवेत येते. चंदेरी, जराशी पारदर्शक, उन्हात चमकून पुन्हा आत. ती दिसली की गाइडची गरज नाही, असं मला वाटलं होतं. अंतर किती ते सांगायला गाइड लागतोच.

फ्लाय माशाच्या समोर काही फुटांवर पडायला हवी. डोक्यावर पडली तर पळतो, मागे पडली तर त्याला कळत नाही. पडली की थांबायचं, तळाला जाऊ द्यायची. मग दोरी हाताने खेचायची, तोकडी, तोकडी, लांब. मासा वळला की थोरल्याचा आवाज खाली यायचा, जणू त्यालाही ऐकू जाईल. "आवडलंय त्याला. ओढा. ओढा. थांबा. खातोय. लांब ओढा!" आणि इथे ट्राउटवाल्यांचा हात वर जातो. नदीत मासा लागला की काठी उचलायची, हे हाडात भिनलेलं असतं. बोनफिशला ते चालत नाही. काठी उचलली की फ्लाय त्याच्या तोंडाजवळून वर निघून जाते आणि खेळ संपतो. काठीचं टोक पाण्यातच ठेवून दोरी सरळ मागे खेचली, तर गळ नाही लागला तरी फ्लाय फूटभर पुढे सरकते, त्याला वाटतं भक्ष्य पळतंय, आणि तो पुन्हा झडप घालतो. थोरल्याने उपाय साधा काढला: काठीचं टोक सहा इंच पाण्यात बुडवूनच दोरी ओढायची. बुडालेली काठी झटकन वर येत नाही.

पहिला लागला तो याच उपायाने. दोरी ताठ झाली आणि पुढच्या क्षणी पायाशी पडलेली सगळी मोकळी दोरी जिवंत झाल्यासारखी उडू लागली. त्या वेळी माशाकडे बघायचं नसतं, दोरीकडे बघायचं. बोटात, बटणात, घड्याळात कुठेही अडकली तर तुटते. शेवटचं वेटोळं निघालं, रीलने किंकाळी फोडली, मी काठी डोक्यावर धरली, म्हणजे दोरी खारफुटीच्या कोंबांवरून जाईल. हिरवी दोरी संपली. नारिंगी बॅकिंग बाहेर पडू लागलं. मी ते रीलवर भरल्यापासून पहिल्यांदाच बाहेर पाहत होते. रीलच्या मुठीला हात लावायचा नाही, बोटं फुटतात. थोरला मागे शांतपणे हसत होता. "जाऊ द्या. त्याला जायचंय. येईल परत." आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. होडीजवळ आला तेव्हा साडेतीन-चार पौंडांचा निघाला, आणि माझे दोन्ही हात थरथरत होते.

त्याला पाण्यातून वर काढलाच नाही. थोरल्याने हात ओले करून पोटाखाली धरला, काटा दाबून बसवलेला गळ एका वळणात निघाला. हिरवट पाठ, तीवर पुसट पट्टे, टोकदार नाक, तोंड खालच्या बाजूला. आत टाळूवर दातांची दाणेदार फरशी असते, चिंबोऱ्यांची कवचं तिथे भरडली जातात. अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने पुसला गेला किंवा मासा फार वेळ हवेत राहिला, तर तो धड पोहू शकत नाही आणि शार्क त्याला गाठतात. ही नुसती भीती नव्हती. मासा सोडायच्या आधीच कडेला एक पिवळसर, पाचेक फुटी लेमन शार्क घिरट्या घालू लागली होती. थोरल्याने काठी पाण्यावर फाडकन मारली, ती थोडी हटली, आणि मासा उलट्या दिशेने सोडला. "हा वीस वर्षं जगू शकतो," तो म्हणाला. "कधी पुन्हा तुम्हालाच भेटेल."

मग होडीतून उतरून चालणंही झालं. कडक वाळू असेल तिथे मजा येते. पांढरा चिखल असेल तिथे पाय श्रीखंडात बुडावा तसा आत जातो आणि बूट तिथेच राहायला बघतो. पाय उचलून टाकायचा नाही, तळावरून घासत न्यायचा, कारण वाळूत पाखट लपलेलं असतं; पायाचा धक्का लागला तर ते निघून जातं, पाय वर पडला तर नांगी मारतं. हे अलिबागच्या मुलीला नवीन नव्हतं. नवीन होतं ते भरतीचं माप. आमच्याकडे ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात आणि भरतीला तिथेच होडी लागते. अँड्रॉसला सगळा फरक जेमतेम तीन फुटांचा. पण जिथे पाणीच दोन फूट आहे तिथे तीन फूट म्हणजे सगळं जग. थोरला आणि धाकटा रात्री व्हरांड्यात बसून ठरवायचे, उद्या कुठल्या खाडीत पाणी किती वाजता चढेल. पूर्वेला ओहोटी लागलेली असताना आतल्या खाडीत अजून भरती चालू असते; दोन्हींच्या मधून मासा धरायचा.

मधे एक दिवस वाया गेला. ढग आणि वारा. ढग आला की पाण्यावर चकाकी चढते आणि तळ दिसत नाही, आणि तळ दिसत नाही तर बोनफिश पकडणं म्हणजे अंदाजपंचे. आम्ही घरीच राहिलो आणि तो दिवस नवऱ्याचा ठरला. एव्हाना त्याने स्वयंपाकघरात बस्तान बसवलं होतं. बाईंच्या परसात तुरीची झाडं होती. तूर! बहामात तिला पिजन पीज म्हणतात आणि रोजच्या भाताचा तो पाया: कांदा, टोमॅटो, थाइम, खारवलेलं डुकराचं मांस, आणि दाण्यांसकट शिजलेला तपकिरी भात. अंगणात चिंच होती. चिकूचं झाड होतं, त्याला ते डिली म्हणतात. किनाऱ्यावर सुरूची रांग, बाहेरून आणून लावलेली आणि आता उपटून काढायची मोहीम चाललेली, कारण तिच्याखाली काही उगवत नाही आणि वादळात ती वाळूसकट उलथते. नवऱ्याने एवढं सगळं पाहून सुक्या तुरीची चिंच-गूळ घालून आमटी करायची परवानगी मिळवली. गुळाऐवजी तपकिरी साखर, हिरव्या मिरचीऐवजी त्यांची गोट पेपर, जी अर्धीच घालायची असते हे त्याला नंतर कळलं. बाईंनी दोन वाट्या खाल्ल्या. म्हणाल्या, चांगलं आहे, पण यात मांस घालायला विसरलात.

त्याच दुपारी बाईंनी घायपाताची गोष्ट सांगितली. ब्रिटनचे पुढे पंतप्रधान झालेले नेव्हिल चेंबरलेन विशीत असताना वडिलांनी त्यांना अँड्रॉसवर घायपाताचा मळा करायला पाठवलं होतं. १८९१ ते १८९७, उत्तरेकडे, वीस हजार एकर. जमिनीत नुसता चुनखडक, घायपात काही वाढला नाही, पैसे बुडाले. "या बेटावर बाहेरच्यांनी बरंच काही लावून पाहिलं," बाई म्हणाल्या. "टिकलं ते आम्हीच, आणि पाण्यात आहे ते." त्यांच्या सासऱ्यांच्या काळी बोनफिश जाळ्यात धरून खातही असत, चिरा देऊन, लिंबू-मिरची भरून भाजायचा आणि काटे काढत बसायचं. आता बोनफिशसाठी जाळं टाकायला मनाई आहे, विकायलाही. २०१७ पासून उथळ पाण्यातल्या मासेमारीचे स्वतंत्र नियम झाले. आमच्यासारख्या पाहुण्यांना परवाना काढावा लागतो. तो आधी काढून ठेवला तर बरं. त्या नियमांवर बेटावर अजून वाद ऐकू येतात, विशेषतः मोठ्या परदेशी होड्या आपले पाहुणे आणून इथल्या गाइडला वगळतात यावर. धाकटा या विषयावर जेवणाच्या टेबलावर तापला, तेव्हा बाईंनी त्याच्या ताटात भात वाढून त्याला गप्प केलं. त्याचं म्हणणं मला पटलं. पाणी ओळखायला पिढ्या लागतात, आणि त्या ओळखीला दाम नसेल तर पुढची पिढी नॅसॉच्या हॉटेलात नोकरीला जाईल. बाईंचा तिसरा मुलगा गेलाच आहे.

माशाबद्दलची सगळ्यात नवलाची गोष्टही व्हरांड्यातच ऐकली. हे गुडघाभर पाण्यातले मासे अंडी घालायला तिथे थांबत नाहीत. ऑक्टोबर ते एप्रिलच्या दरम्यान, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, हजारोंनी एकत्र जमतात, संध्याकाळी पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि रात्री प्रवाळाच्या कड्यापलीकडे खोल समुद्रात, शंभर मीटरहून खाली उतरतात. पिल्लं सुरुवातीला पारदर्शक पट्टीसारखी असतात, वामच्या पिल्लांसारखी, आणि दीड-दोन महिने प्रवाहाबरोबर वाहत कुठल्या तरी किनाऱ्याला लागतात. त्यामुळे एका बेटावरचा मासा वाचवायचा तर दुसऱ्या बेटाजवळची जमण्याची जागाही वाचवावी लागते. बोनफिश अँड टार्पन ट्रस्टच्या संशोधकांना इथले गाइड माशांना खुणेच्या चिठ्ठ्या लावायला मदत करतात. विमानातून दिसलेला तो निळा खड्डा मला तेव्हा कळला.

३१ मार्चला आपल्याकडे हिशेबाची घाई असते. बाईंकडे लॉब्स्टरची होती. १ एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत तिथे लॉब्स्टर पकडायला बंदी असते, आपल्या पावसाळी बंदीसारखीच. रात्री टेबलावर ढीग होता. काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: "हे सोडलं नाहीस ना?"

शेवटी मोठ्याबद्दल. दक्षिणेकडच्या एका खाडीच्या तोंडाशी, पाणी नुकतंच चढत असताना, तो एकटा आला. मोठे एकटेच फिरतात. आणि तो मला दिसला, थोरल्याने सांगायच्या आधी. सावली आधी, मग डोळा, मग लांबच लांब पाठ. "एक वाजता," मी म्हणाले. मागे क्षणभर शांतता. "साठ फूट. बरोबर. दहा पौंड असेल. घाई नको." वारा उजवीकडून, म्हणजे दोरी माझ्याच अंगावर येणार. टाकली. चार फूट पुढे, जराशी उजवीकडे. तो वळला, फ्लायच्या मागे आला, नाक तिच्यावर टेकवलं. मी एकदा ओढली. तो थांबला, पाहत राहिला, आणि मग अगदी सावकाश, काही झालंच नाही अशा थाटात, खोल पाण्याकडे निघून गेला. थोरला म्हणाला, त्याने यापूर्वी गॉचा पाहिली असणार. मग चौथऱ्यावरून खाली उतरून त्याने माझ्या हातात हात दिला. त्याआधी पकडलेल्या एकाही माशाला त्याने असं केलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं: बक्षिसी रोख न्या, बहामाचा डॉलर आणि अमेरिकेचा एकाच भावाने चालतात, पण बँक रोज उघडी असेल असं धरू नका. लांब बाह्यांचे कपडे, तोंड झाकणारं कापड, आणि दुसरा चष्मा हवाच. मार्च-एप्रिलला वारा फार. थोरल्याच्या मते नोव्हेंबर उत्तम, वादळांचा मोसम सरत आलेला, पाणी निवलेलं, मोठे मासे उथळात. मी पंचांग काढून अमावास्या कुठल्या आठवड्यात येते ते बघत होते. तोवर नवऱ्याने बाईंना फोन करून विचारलं, नोव्हेंबरात लॉब्स्टर चालू असतो का. असतो म्हणाल्या, आणि त्याने खोली ठरवून टाकली.